दीड इंचाचा पाइप

दादा,

तुझ्या शोकसभेत मी चार मिनिटं बोलले. जलदान विधी झाला, त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्त्या निम्म्यावर आल्या, आणि मग चाळीतल्या मंडळींनी माइक माझ्या हातात दिला. घरातली शिकलेली मीच, म्हणून. तू किती कष्टाळू होतास, किती हसतमुख होतास, शेजारपाजारच्यांना कसा उपयोगी पडायचास, हे सगळं मी न अडखळता सांगितलं. खाली बसले तेव्हा बाजूची काकू हळूच म्हणाली, "छान बोललीस हो." तिथून उठून निघून जावंसं वाटलं. जे सांगायला हवं होतं त्यातलं एक अक्षरही मी उच्चारलं नव्हतं.

ते आता सांगते. मला जमतं तसं, सरळ.

तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे गाडीपासूनच सुरुवात करावी लागणार. ती पांढरी, सेकंडहँड, पेट्रोलवरची पिकअप. घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं की माल ओढायचा तर डिझेल घे, पेट्रोलच्या छोट्या इंजिनात तेवढी ताकद नसते. तू ऐकलं नाहीस. म्हणालास, "बाबांच्या छातीत जन्मभर मिलचा कापूस गेला. आता दारात धूर सोडणारी गाडी आणून उभी करू?" बाबा तेव्हा खाटेवर बसून खोकत होते. त्यांनी खोकता खोकताच हात हलवला, मला मधे आणू नका अशा अर्थाचा. पण त्यांना बरं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसलं होतं.

कॉटन ग्रीनच्या गोदामातून पाण्याचे वीस लिटरचे जार भरायचे, हार्बर लाइनवरचा पूल ओलांडायचा आणि परळच्या नव्या नव्या टॉवरमधल्या ऑफिसांत ते पोचवायचे, हा तुझा धंदा. गाडी सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची. पूल लागला की तिचा दम संपायचा. चाळीस जार मागे, पहिला गिअर, तुझा पाय तळाला टेकलेला, मागच्यांचे हॉर्न, आणि तू स्टिअरिंग थोपटत म्हणणार, "चल गं बाय, चल."

मला लहानपणापासून तू बायच म्हणायचास. आणि गाडीलाही तेच.

"मी अशी रखडते का रे?" मी एकदा भांडले होते.

"तू कुठं रखडतेस? तू चढून गेलीस वर. ही राहिलीय."

तू बारावीनंतर शिक्षण सोडलंस आणि मी इंजिनिअर झाले. आपल्या घरातली पहिली पदवी. हे दोन्ही एकाच घरात, एकाच पैशात झालं, त्यामुळे पहिल्याशिवाय दुसरं झालं नसतं हे मला नेहमी माहीत होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. मी कधी आभार मानले नाहीत. आपल्याकडे भावाचे आभार मानत नाहीत, मानले तर त्याला वाटतं ही परकी झाली. म्हणून मी नुसती अभ्यास करत राहिले. मला वाटायचं, तेवढ्यात सगळं आलं.

चाकणची नोकरी सोडून मी मुंबईला आले आणि योगायोगाने ज्या इमारतीतल्या ऑफिसात मला नोकरी मिळाली, तिथे पाणी तू द्यायचास. पहिल्याच आठवड्यात तू मालाच्या लिफ्टमधून वर आलास, खांद्यावर जार. मला बघितलंस आणि नजर खाली घातलीस. ओळख न दाखवता जार मशीनवर बसवायला लागलास. मी खुर्चीवरून उठले आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा माझा मोठा भाऊ. मिलिंद." दोघातिघांनी उठून हात मिळवला. तुझे हात ओले होते, तू ते आधी पँटला पुसलेस.

घरी आल्यावर झापलंस मला. "कशाला बोंबललीस? तुझी तिथं इज्जत आहे."

"म्हणूनच बोंबलले."

दुसऱ्या दिवशी जार घेऊन आलास तो इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनीने नंतर सांगितलं, सकाळी स्वतः इस्त्री केलीस, कॉलर जाळलीस थोडी.

हे आठवलं की मला वाटतं, मी इतकी काही वाईट बहीण नव्हते. आणि मग लगेच पुढचं आठवतं.

गाडीची ताकद वाढवायची हा तुझा ध्यास होता. घोडपदेवच्या कोपऱ्यावर रफिकभाईच्या गॅरेजसमोर रविवारी सीट उचलून तू इंजिनात डोकं घालून बसायचास. प्लग बदललेस. इंधनाचे नोझल साफ करून घेतलेस. टाकीत ओतायच्या बाटल्या आणल्यास, ज्यांच्यावर घोड्यांची चित्रं असायची. कुणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या भोकाचा सायलेन्सर बसवलास, तेव्हा ताकद वाढली नाही पण चाळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एकत्र खाली उतरल्या. "मिल्या, ती तोफ काढ आधी!" तिसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर परत लागला.

सगळ्यांचं एकच मत होतं. घेतली त्याच वर्षी ही गाडी एकदा पावसात हिंदमात्याला तुंबलेल्या पाण्यात बंद पडली होती, इंजिनात पाणी शिरलं, ते उघडावं लागलं, आणि तेव्हापासूनच तिच्यात दम उरला नाही. तुझंही तेच मत. इंजिनच नासलं, आता जेवढं निघेल तेवढं काढायचं.

मला हे पटत नव्हतं. नासलेलं इंजिन सपाटीलाही कुरकुरतं. ही फक्त चढावर, पाय पूर्ण दाबल्यावर मरायची. चाकणहून आल्यावर एका रविवारी मी गॅरेजसमोर उभी राहून समजावायला लागले की इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते, जोर लावला की जास्त लागते, तेव्हा आधी हवा कुठून येते ते बघू या. तुझे तीन-चार दोस्त उभे होते. तू हसत म्हणालास, "आमची बाय पुस्तकातली गाडी चालवते रे. त्या गाडीला पूल नसतो." सगळे हसले. तू कौतुकानेच म्हणाला असशील. आज मला तसंच वाटतं. तेव्हा मात्र माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. चार वर्षं हॉस्टेलच्या मेसमध्ये पाणीदार डाळ खाऊन शिकलेली मी, आणि माझ्या शिक्षणावर कोपऱ्यावर हशा.

मी ठरवलं, आता विचारल्याशिवाय सांगायचं नाही. दादाने स्वतः म्हणायला हवं, बाय, जरा बघ गं. तेव्हाच हात लावीन.

तू विचारलं नाहीस. मी थांबले. दोन वर्षं.

बाकी सगळ्या गोष्टींवर आपण बोललो. आईचे गुडघे, चाळीचा पुनर्विकास, माझं लग्न (तू "होईल तेव्हा होईल" म्हणून आईला गप्प करायचास, त्याबद्दल तरी आभार मानून घेते). गाडीचा विषय निघाला की मी चहाचा कप घेऊन उठायचे. गाडी ओढत नाही म्हणून तू चाळीसऐवजी पंचवीस जार भरायला लागलास आणि एकाच्या दोन खेपा करायला लागलास. तेही मी बघत होते. संध्याकाळी जिना चढताना तू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायचास, कठड्याला हात देऊन, शेजारच्या पोरांशी काहीतरी बोलल्यासारखं करत. इंजिनाच्या श्वासाबद्दल मला सगळं कळत होतं. तू वळणावर का थांबतोस हे मी विचारलं नाही. तुझ्याही बाबतीत मी तू आधी बोलण्याची वाट बघत बसले होते का, कुणास ठाऊक.

मग दिवाळीनंतरचा तो रविवार. मी भाजी घेऊन येत होते. तू केबिनच्या मागची ताडपत्री सोडलेली, आणि मला पहिल्यांदा तो पाइप दिसला. नळाचा, करडा, चाळीच्या टाकीच्या कामातून उरलेला असावा असा. इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडावरून निघून, काटकोनात वळून, केबिनच्या पाठीला तारेने बांधून वर छतापर्यंत नेलेला, वर पुन्हा काटकोन. मला बघता क्षणी कळलं. एवढ्या बारीक नळीतून श्वास घेऊन पूल चढायचा! नाकात काडी घालून माणसाला पळवण्यासारखं.

मी हसले. खरंच हसले, दादा. म्हणाले, "हा कोणी बसवला? त्याला आधी एक थोबाडीत द्यायला पाहिजे."

तू माझ्याकडे बघितलंस आणि इतका हसलास की खोकला आला. "राहू दे गं. लई शिकलेला माणूस आहे तो."

मला वाटलं, असेल कोणीतरी तुझा दीडशहाणा. त्याचं ऐकतोस, माझं नाही. "मग त्यालाच विचार," म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन जिना चढले. एक वाक्य पुरलं असतं. पाइप काढ, दादा. तीन शब्द. ते माझ्या तोंडात होते, आणि मी ते घेऊन वर गेले.

त्यानंतर तीन आठवडे. दुसऱ्या खेपेला, परळच्या एका इमारतीत मालाची लिफ्ट बंद होती, तू जिन्याने निघालास. चौथ्या मजल्यावर बसलास. वॉचमन सांगत होता, जार पडला नव्हता. भिंतीला टेकवून नीट उभा ठेवलेला होता, झाकण वर. तू आधी तो ठेवलास आणि मग बसलास.

डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नसा आधीपासून बंद होत होत्या, कधी ना कधी होणारच होतं. मी मान डोलावली. कारण काय आणि योगायोग काय, यातला फरक मला कळतो, त्याचीच पदवी आहे माझ्याकडे. पण त्या दिवशीची ती दुसरी खेप होती. हे कुठल्याही पदवीने पुसलं जात नाही.

आणि मग शोकसभा. माझ्यानंतर रफिकभाई उठला. त्याला बोलायचं नव्हतं, लोकांनी उठवलं. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मी काय बोलणार. मिलिंद आपला यार होता. एक गोष्ट सांगतो फक्त. त्याच्या गाडीला एक पाइप आहे. मी त्याला दहा वेळा बोललो, मिलिंद, ये निकाल दे, गाडीला दम नाय भेटत. तो काय बोलायचा? रफिकभाई, बाकी सगळं खोल, त्याला हात नाय लावायचा. माझ्या बहिणीने ड्रॉइंग काढून दिलंय. इंजिनिअर आहे ती. आता दिवाळीनंतर परत बोललो. तर म्हणतो, परवाच बघितला तिने. हसली, पण काढ नाय बोलली. चुकीचा असता तर ती बोलली असती." रफिकभाईने माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले. "बहिणीवर एवढा भरोसा, आजकाल कुठे बघायला मिळतो?"

लोकांनी माना हलवल्या. आईने माझा हात धरला. सगळी सभा माझ्याकडे अभिमानाने बघत होती, आणि मी पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटलं, रडतेय.

मला काही आठवत नव्हतं. कसलं ड्रॉइंग? दुसऱ्या दिवशी गाडी उघडली. डॅशबोर्डच्या खणात विम्याचे कागद, पीयूसी, आणि त्यांच्यात एक डिलिव्हरी चलान, उलटं, लॅमिनेट केलेलं. लॅमिनेट, दादा! त्याच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेनने एक चौकोन, त्यावर "इंजिन", खाली लाटांसारख्या रेघा, "पाणी", आणि एक बाण वर जाणारा. "तोंड वर घे. एक पाइप लावून छतापर्यंत." खाली माझी सही, पहिल्या वर्षाला असताना करायचे तशी, शेपटीला तीन वळणं असलेली.

मग आठवलं. हॉस्टेलवरून दोन दिवसांसाठी आले होते. गाडी हिंदमात्याला बंद पडून दोनच दिवस झाले होते. मी जेवत होते, तू समोर डोकं धरून बसला होतास, आणि मी एका हाताने भात कालवत दुसऱ्या हाताने ते काढलं होतं. काहीच नाही रे, इंजिनाचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, झालं. मग बसने परत गेले आणि विसरले. तू विसरला नाहीस. इंजिन उघडून परत बसवलं त्याच आठवड्यात पाइपही बसवलास. तेव्हापासून तिच्यातला दम गेला हे सगळ्यांनी बरोबर ओळखलं होतं, फक्त दोष इंजिनावर गेला.

त्यावर माप नव्हतं. पाइप केवढा, रुंदी किती, काही नाही. तुला चाळीत दीड इंचाचा मिळाला, तू तो लावलास. पहिल्या वर्षाला आमचे ड्रॉइंगचे सर लाल पेनाने लिहायचे: माप नसेल तर हे ड्रॉइंग नाही, नुसतं चित्र आहे. माझ्या किती शीटवर लिहिलं असेल त्यांनी. या एका कागदावर लिहायला ते नव्हते.

आणि मी म्हणत होते, हा कोणी बसवला. तू एकदाही म्हणाला नाहीस, तूच. कोपऱ्यावर सगळ्यांना माझ्यावर हसवणारा तू, पण खरी हसण्याजोगी गोष्ट हातात आली तेव्हा ती एकट्याने हसून खोकून टाकलीस. विचारलं नाहीस म्हणून मी रुसले होते. विचारणार काय? माझं उत्तर तू वर्षानुवर्षं छताला बांधून फिरत होतास.

पुढचं थोडक्यात. वहिनी म्हणाली, ऑफिसांची लाइन तिला चालवायची आहे, गाडी ती शिकेल. "पण पूल चढत असेल तरच ठेवते. नाहीतर विकते. त्यांच्यासारखं थोपटत बसायला माझ्याच्याने होणार नाही." मी रफिकभाईकडे गेले आणि म्हणाले, पाइप काढायचा. त्याने माझ्याकडे बघितलं, चलान बघितलं. पक्कड दिली. मी मोजलं. इंजिनाचं मूळ तोंड अडीच इंच. त्यावर तुझा दीड इंची पाइप आणि दोन काटकोन, म्हणजे वाट जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आलेली. आम्ही अडीच इंची रबरी नळी आणली, कुठेही काटकोन न ठेवता सावकाश वळवत वर नेली. तोंड वरच ठेवलं, कारण हिंदमात्याचं पाणी कुठे गेलेलं नाही. चहा धरून पाऊण तास लागला.

पाऊण तास, दादा.

शनिवारी सकाळी चाळीस जार भरले. मी चालवायला, वहिनी बाजूला, मांडीवर तुझी चलानांची फाइल. पूल लागला. तू ज्या विजेच्या खांबापाशी पहिला गिअर टाकायचास तिथे माझा हात आपोआप गिअरवर गेला, आवाज कधी खाली बसतो याची वाट बघत. बसला नाही. दुसऱ्या गिअरवरच ती चढत राहिली, मागे चाळीस जारांत पाणी डुचमळत होतं. कोणी हॉर्न वाजवला नाही. माझा हात थोपटायला उचलला गेला आणि हवेतच राहिला. थोपटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पूल उतरल्यावर वहिनी म्हणाली, "चढली." आणि थोड्या वेळाने, "काय होतं गं नक्की?"

शोकसभेत जे बोलता आलं नाही ते मी तिला सांगितलं. चलान, पाइप, दिवाळीनंतरचा रविवार, भाजीची पिशवी. सगळं. परळच्या सिग्नलला उभे होतो.

"मग त्या दिवशी बघितलास तेव्हा का नाही बोललीस?"

"त्याने विचारलं नाही म्हणून."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. सिग्नल सुटला तेव्हा म्हणाली, "ते कधी कोणाला विचारायचे का गं?" आणि फाइल उघडून पहिल्या ऑफिसचं चलान शोधायला लागली.

संध्याकाळी मी तुझा कागद परत खणात ठेवला. त्याच्या मागे दुसरा ठेवलाय, नवा, नीट काढलेला. वहिनीने गाडी ठेवायचं ठरवलंय. उद्या कधी ती नळी फाटली, कोणी बदलायला गेलं, तर त्यांना कोणाला विचारावं लागू नये.

रुंदी अडीच इंच, दादा. लिहायची राहिली होती.